पानांआडचा एक टक्का उजेड

जुलैतली सकाळ. मुंबई-गोवा महामार्गावर ट्रकांची रांग लागलेली असते, पण रस्त्यापासून शंभरेक पावलं आत, कर्नाळ्याच्या रानात, अजून धड उजाडलेलं नसतं. सर थांबून पाच-दहा मिनिटं झालेली असतात, तरी पानापानांवरून पाणी गळत असतं. ओढ्यावर वाकलेल्या काटकीवर एकाएकी रंगाचा ठिपका येऊन बसतो. निळ्या-जांभळ्या छटेची पाठ, पिवळंधमक पोट, लालकेशरी चोच. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १३ सेंटिमीटर लांबी आणि पंधरा-वीस ग्रॅम वजन. हा तिबोटी खंड्या. पायाला चाराऐवजी तीनच बोटं, म्हणून तिबोटी. पावसाबरोबर तो कोकणात येतो आणि पिल्लं मोठी करून परततो.

पाहणाऱ्याला तो लख्ख दिसतो. कॅमेरा मात्र दुसरंच सांगत असतो. भिंगाचं तोंड पूर्ण उघडलेलं, आयएसओ ६४०० वर नेलेला, तरी शटरचा आकडा १/६० सेकंदावर अडलेला. हातात ४०० मिलिमीटरची लांब लेन्स आणि तिच्या टोकाला धरणाऱ्याच्या नाडीचे ठोकेसुद्धा जाणवतायत. पक्षी तिथे चार सेकंद बसेल, फार तर पाच. त्या चार सेकंदांत काय करायचं, याचा अभ्यास करण्यात कित्येक पक्षी-छायाचित्रकारांचे पावसाळेच्या पावसाळे जातात.

अंधार किती असतो, ते आधी पाहू. फिल्मच्या जमान्यापासून छायाचित्रकार एक ठोकताळा वापरत आले आहेत. भर उन्हात भिंगाचं छिद्र एफ/१६ वर ठेवलं, तर शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका ठेवायचा, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. छिद्र एफ/५.६ पर्यंत उघडलं की त्याच उन्हात १/८०० मिळतो. उडता बगळा गोठवायला एवढा वेग बऱ्याचदा पुरतो. आता दाट सदाहरित रानात शिरा. माथ्यावरच्या पानांतून गाळून जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा एक-दोन टक्केच भाग पोचतो. एक टक्का म्हणजे उजेड जवळपास सात वेळा निम्मा झाला. छायाचित्रकारांच्या भाषेत हे सात स्टॉप. १/८०० चे सात वेळा निम्मे केले की उरतो सुमारे १/६ सेकंद. आयएसओ १०० वरून ६४०० वर नेला तर सहा स्टॉप परत मिळतात आणि आकडा पुन्हा १/४०० पर्यंत येतो. पण हा हिशेब आकाश निरभ्र असतानाचा. वर आषाढाचे ढग असले, किंवा सूर्य नुकता डोंगराआडून येत असला, की आणखी दोन-तीन स्टॉप सहज जातात. कर्नाळ्यातला तो १/६० असा येतो.

माणसाच्या डोळ्याला ही घट कळत नाही. बाहुली रुंदावते, पडदा सरावतो, राहिलेली उणीव मेंदू भरून काढतो, आणि रान ‘थोडं सावलीतलं’ एवढंच वाटतं. नवशिक्याची पहिली निराशा इथूनच सुरू होते. इतका स्पष्ट दिसलेला पक्षी फोटोत धुरकट कसा झाला, हे त्याला उमगत नाही.

मग उन्हं वर येईपर्यंत थांबलं तर? तोवर पक्ष्यांचा दिवस निम्मा सरलेला असतो. मार्चपासून पुढे गावागावांतून दयाळ पहाटे झुंजूमुंजू होण्याआधीच गायला लागतो. आंबोली, भीमाशंकर, महाबळेश्वरच्या ओढ्यांवर मलबारी कस्तूर अंधारातच लांब शीळ घालतो. माणसानेच घातल्यासारखी ती शीळ ऐकून नवखा माणूस मागे वळून पाहतो. ब्रिटनमधल्या पक्ष्यांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकाराने मोठे डोळे असलेल्या जाती पहाटे लवकर गायला लागतात असं दिसलं. ज्यांना कमी उजेडात दिसतं, त्यांचा दिवस आधी उजाडतो. नवरंग पाचोळ्यात किडे शोधतो तो पहाटे आणि संध्याकाळी, आणि त्याची दोन स्वरांची शीळही बहुधा याच वेळांना ऐकू येते. अशा पक्ष्यांचं खरं चित्र हवं असेल तर त्यांच्या वेळेला जावं लागतं.

आणि तिवई? १/६० ला ४०० मिलिमीटरची लेन्स हातात धरण्यापेक्षा ती तिवईवर बसवणं शहाणपणाचं वाटतं, आणि पाणवठ्यासमोर तासन्‌तास एका जागी बसायचं असेल तर ते बरोबरही आहे. पण घाटातल्या रानात सपाट जागा नसते. तिवईचा एक पाय चिखलात, दुसरा मुळावर, तिसरा उतारावर अधांतरी. ती उघडून नीट लावेपर्यंत पक्षी वीस फूट पलीकडे, वेगळ्या उंचीवर गेलेला असतो. शिवाय तीन पायांची ती हालचाल पक्ष्याला लांबूनच दिसते. भिगवणला तर तिवई बाधतेच. उजनीच्या फुगवट्यावर पहाटे मासेमारीच्या होडीतून रोहित म्हणजे फ्लेमिंगो पाहायला जातात, तेव्हा होडीचा प्रत्येक हिंदोळा तिवईच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढतो. माणसाची कंबर, खांदे आणि कोपर तो हिंदोळा पिऊन टाकतात. अशा ठिकाणी हातासारखी तिवई नाही.

हातात कॅमेरा धरला की दोन शत्रूंशी गाठ असते, आणि त्यांतला फरक ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. एक, आपला हात हलतो. दोन, पक्षी हलतो. दोन्हींमुळे फोटो अस्पष्टच येतो, पण उपाय वेगळे आहेत. फोटो मोठा करून पाहिला तर खूण सापडते. फांदी, पानं आणि पक्षी सगळंच एका दिशेने फरफटलेलं दिसलं तर दोष हाताचा. फांदीवरचं शेवाळ धारदार आणि डोकं तेवढं पुसट असेल, तर पक्षी हलला.

हाताच्या थरथरीवर जुना नियम असा, की शटरचा वेग लेन्सच्या लांबीच्या आकड्याखाली जाऊ द्यायचा नाही; ४०० ची लेन्स तर किमान १/४००. १९९५ मध्ये कॅननने थरथर सावरणारी ७५-३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली आणि हा नियम सैल व्हायला लागला. लेन्समधले संवेदक थरथर ओळखतात आणि भिंगाचा एक गट क्षणात उलट दिशेला सरकवतात. त्या वेळी यातून दोनेक स्टॉपचा फायदा होई. आता लेन्समधलं आणि कॅमेऱ्यातलं असं दोन्ही स्थिरीकरण एकत्र काम करतं आणि कंपन्या पाच-सहा किंवा त्याहून जास्त स्टॉपचा दावा करतात. सरावलेला माणूस आज ४०० मिलिमीटरवर १/३० ला स्वच्छ फोटो काढू शकतो, ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

पण स्थिरीकरण पक्ष्याला थांबवत नाही. १/३० सेकंदात खंड्याने मान वर-खाली केली तर जगातलं कुठलंही यंत्र तो फोटो वाचवू शकत नाही. इथे यंत्राचं काम संपतं आणि पक्ष्याच्या सवयींचा अभ्यास सुरू होतो.

तिबोटी खंड्या काटकीवर बसला की डोकं झटक्यात वर-खाली करतो, शेपटी उडवतो आणि मधेच एक क्षण दगडासारखा स्थिर होतो. खेकडा, बेडूक किंवा किडा नजरेने पकडायचा तो क्षण. सवय झालेल्या माणसाचं बोट त्या क्षणाची वाट पाहतं. स्वर्गीय नर्तकाची तऱ्हा वेगळी. पांढऱ्या नराची फूटभर लांब शेपटी फांदीवर बसल्यावरही काही वेळ झुलत राहते. ती निवांत लोंबायला लागेपर्यंत थांबावं लागतं. गाणाऱ्या पक्ष्याचा गळा थरथरत असतो, चोच उघडझाप करते, म्हणून दोन ताना घेताना मधे जी उसंत मिळते ती साधायची. नवरंग दोन उड्या मारतो, पाचोळा उलथतो आणि मान ताठ करून थांबतो. त्या थांबण्यात १/६० पुरतो.

काही पक्षी मात्र या कामात उदार असतात. आंबोलीच्या किंवा गोव्यात मोलेच्या रानात मलबारी कर्णा सावलीतल्या फांदीवर कितीतरी वेळ न हलता बसतो. अडचण एवढीच, की नर माणसाची चाहूल लागली की पोटाचा लालभडक रंग लपवून तपकिरी पाठ आपल्याकडे करतो. आणि स्थिरपणाची पराकाष्ठा पाहायची तर श्रीलंकन फ्रॉगमाउथ. बेडकासारखं रुंद तोंड, वाळक्या पानांसारखी पिसं. दिवसभर जोडी एकमेकांना चिकटून डोळे मिटून बसलेली असते, बहुधा नर राखाडी आणि मादी तांबूस. ती जिथे बसते तिथला उजेड इतका थोडा, की १/१५ किंवा त्याहूनही सावकाश शटर वापरावं लागतं. तरी फोटो येतो, कारण पक्षी हलत नाही. त्याचं सगळं संरक्षण न हलण्यातच आहे. म्हणूनच तिथे दहा मिनिटांत काम उरकून आवाज न करता निघून यायला हवं.

आता हाताकडे वळू. कॅमेऱ्याचं वजन उजव्या हातावर नसतं, हे अनेकांना उशिरा कळतं. डावा तळवा लेन्सच्या खाली, तोल सांभाळला जाईल अशा जागी. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. कपाळ कॅमेऱ्याला लागलेलं. एक पाऊल किंचित पुढे. झाड असेल तर खांदा झाडाला. बसता आलं तर उत्तमच, कारण मांडी घालून किंवा गुडघा उभा करून त्यावर कोपर टेकवलं की शरीराचीच तिवई होते. श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि बटण खाडकन न दाबता हळूहळू दाबत न्यायचं. फोटो एकामागून एक पाच-सहांच्या झडीत काढायचे. बोट दाबताना आणि सोडताना कॅमेरा हलतो, म्हणून बऱ्याचदा मधलाच एखादा फोटो स्वच्छ निघतो. चाळीसांतला एक फोटो ठेवणं हे या कामात अपयश मानत नाहीत.

उपकरणं हलकी होत चालली आहेत, त्याचाही मोठा हातभार लागला. ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्सचं पुढचं भिंग १५ सेंटिमीटर रुंद असावंच लागतं. ते गणित कुणालाच चुकवता येत नाही. वीस वर्षांपूर्वी अशी लेन्स पाच किलोंच्या पुढे जाई, आता ती तीन किलोंच्या आसपास आली आहे. किंमत मात्र दहा लाखांच्या वर. बहुतेक हौशी माणसं लाखाच्या आसपासची, ६०० मिलिमीटरला एफ/६.३ पर्यंतच उघडणारी झूम लेन्स घेतात. दोहोंच्या उजेडात साधारण अडीच पटींचा फरक आहे. हा फरक खराच आहे, पण तो पक्ष्याच्या जवळ असण्याने भरून निघू शकतो. कसा, ते समजायला फोटोतल्या दाण्याकडे पाहायला हवं.

पावसाची भुरभुर सुरू असताना अंगणात शंभर वाट्या मांडल्या आहेत अशी कल्पना करा. मिनिटभराने पाहिलं तर एका वाटीत पाच थेंब, शेजारच्या वाटीत अकरा. पाऊस सगळीकडे सारखाच, तरी वाट्या सारख्या भरत नाहीत. मुसळधार पडला की प्रत्येक वाटीत हजारो थेंब पडतात आणि फरक नजरेत भरत नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रकाशाचे कण असेच पडतात. शंभर कण गोळा झाले तर चढउतार साधारण दहाचा, म्हणजे दहा टक्के. दहा हजार झाले तर शंभरचा, म्हणजे एक टक्का. फोटोतला तो रवाळ दाणा मुख्यतः या चढउताराचा असतो. आयएसओ वाढवल्याने दाणा येतो असं सर्रास म्हटलं जातं, पण आयएसओ फक्त आहे तो संकेत मोठा करतो. खरी उणीव उजेडाची. म्हणून आयएसओच्या भीतीने १६०० वर थांबून हललेला फोटो आणण्यापेक्षा ६४०० वर जाऊन धारदार पण दाणेदार फोटो आणणं केव्हाही चांगलं. दाणा नंतर बराच कमी करता येतो. पुसलेली पिसं परत येत नाहीत.

यातूनच जवळ असण्याचं महत्त्व कळतं. लांबून काढलेला फोटो कापून त्याचा चौथा हिस्सा ठेवला, तर जमवलेल्या उजेडातला तीन चतुर्थांश टाकून दिला. पक्षी निम्म्या अंतरावर असता तर तोच फ्रेममध्ये चौपट जागा व्यापून बसला असता. पण जवळ जायचं म्हणजे पक्ष्यामागे चालत जायचं नाही. तो जिथे येतो तिथे आधी जाऊन, झाडाच्या बुंध्याशी टेकून, हलणं थांबवून बसायचं. अर्ध्या तासाने रान माणसाला विसरायला लागतं आणि पक्षी आपणहून अंतर कमी करतात.

या कलेचा जुना इतिहास पाहिला तर उजेडाची ही टंचाई किती जणांनी सोसली हे दिसतं. इंग्लंडमधल्या चेरी आणि रिचर्ड कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये एका कस्तूराच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसह, फोटो काढला. पुढे पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी त्यांनी बैलाचं कातडं भरून पोकळ बैल बनवला आणि त्यात बसून फोटो काढले. एरिक हॉस्किंग याने घुबडांचे रात्रीचे फोटो काढण्यात नाव कमावलं. १९३७ मध्ये घरट्याजवळच्या लपणीकडे अंधारात जाताना घुबडाने हल्ला केला आणि त्याचा एक डोळा गेला. भारतात रेल्वेत नोकरी करणाऱ्या ई. एच. एन. लोथर यांनी आपल्या पक्षी-छायाचित्रणावरचं पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध केलं. मलायातले चित्रपट व्यावसायिक लोक वान थो युद्धकाळात भारतात आले, सालिम अलींच्या सहवासात रमले आणि त्यांनी पक्ष्यांचे अप्रतिम फोटो काढले. या पिढीचं बरंचसं काम घरट्यासमोर लपण बांधून झालं, कारण पक्षी पुन्हा पुन्हा त्याच जागी येईल याची खात्री फक्त तिथे होती. पुढे रंगीत फिल्म आली तरी कोडॅक्रोमचा वेग २५ किंवा ६४. कर्नाळ्याच्या जुलैत त्या फिल्मवर एकेक सेकंदाचं शटर लागलं असतं. २००७ मध्ये निकॉनच्या डी-३ ने आयएसओ ६४०० वापरण्याजोगा केला, तेव्हा पहाटेचं रान हातातल्या कॅमेऱ्याला पहिल्यांदा उघडलं.

मग घरट्यावर बसण्याची ती गरज आज उरलेली नाही, हे ठामपणे सांगायला हवं. तरी दर पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्याच्या बिळासमोर कॅमेऱ्यांची गर्दी होते. ओढ्याकाठच्या मातीत खणलेलं ते बीळ, आत पिल्लं, आई-बाप चोचीत खेकडा किंवा पाल घेऊन समोरच्या फांदीवर अडकलेले, कारण खाली दहा माणसं उभी. खोळंबलेला प्रत्येक घास पिल्लाच्या पोटातून कमी होतो. फांदी आड येते म्हणून तोडली की बीळ सापाला आणि इतर शिकाऱ्यांना उघडं पडतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं धरलेलं आहे, ही गोष्ट कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावणं हीदेखील फसवणूक आहे. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो सगळं सोडून धावत येतो. फ्लॅशचा झोतही अंधाराला सरावलेल्या घुबडा-रातव्यांच्या डोळ्यांवर टाकू नये. चांगला आयएसओ हाताशी असताना त्याची गरजही नाही.

पावसाळ्यातल्या रानात आणखी एक लढाई चालते, ती दमटपणाशी. गार गाडीतून उतरून कॅमेरा एकदम बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते आणि पंधरा-वीस मिनिटं काहीच दिसत नाही. बॅग आधीपासून उघड्या हवेत ठेवणं हाच उपाय. घरी आल्यावर ओली लेन्स बॅगेतच राहिली तर आत बुरशीचे धागे पसरतात. म्हणून कोकणातले छायाचित्रकार सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा किंवा आर्द्रता राखणारं कपाट बाळगतात.

शेवटी फोटो किती उजळवायचा हा प्रश्न येतो. कॅमेऱ्याला काळोखी चौकट दिली की तो तिला राखाडी करायला जातो आणि त्या नादात स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी पांढऱ्या कागदासारखी कोरी होते. जाणकार माणूस एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवतो आणि कच्च्या फाइलमधून सावल्या हलकेच वर आणतो. पानांतून गाळून आलेल्या उजेडाने सगळ्यावर हिरवी झाक चढलेली असते. तीही थोडी उतरवायची, पूर्ण नाही. दाणा पुसणारे नवे प्रोग्रॅम मदतीचे आहेत, पण ताणून वापरले की पिसांच्या जागी मेणाचा गुळगुळीतपणा येतो, किंवा पक्ष्याच्या अंगावर नसलेल्या रेषा उमटतात. मलबारी कस्तूर मुळातच काळा-निळा. ओढ्याच्या अंधारात त्याच्या खांद्यावरचा एवढासा निळा चमकारा दिसला तर तो फोटो खरा. त्याला भरदुपारच्या उजेडात आणून बसवलं की पक्षी राहतो, पहाट जाते.

कर्नाळ्यात दुसरी सर येते. बुंध्याशी बसलेला माणूस लेन्सवर प्लास्टिक ओढतो आणि उठत नाही. सर ओसरते तसा खंड्या पुन्हा येतो, या वेळी आधीच्यापेक्षा जवळच्या, पाण्यालगतच्या मुळावर. शटर १/५०. कोपर गुडघ्यावर, अर्धा श्वास सोडलेला. पक्षी मान हलवतो, एकदा, दोनदा, आणि थांबतो. आवाज न होता अकरा फोटो निघतात. पाण्यावर टिचकी वाजते, मूळ रिकामं होतं, आणि माणूस पडद्यावर एकेक फोटो मोठा करून खंड्याचा डोळा शोधायला लागतो. सातव्या फोटोत तो धारदार असतो. त्यात वरच्या फांद्यांमधलं ढगाळ आकाशही ठिपक्याएवढं उमटलेलं असतं.